अमीनाची रद्द झालेली वेळ

मंडळी, कामाचा दिवस असूनही आपण या शोकसभेसाठी येथे र्युसेल्सहाइमला आलात, काही जण तर न्युरेम्बर्गहून. मी आभारी आहे. माझ्या पत्नीविषयी, वसुधाविषयी, भूतकाळात बोलणे मला जमत नाही. म्हणून लिहून आणले आहे.

मी संशयी माणूस आहे. कारखान्यात पुरवठादाराचा प्रत्येक भाग सदोष आहे असे धरूनच मी तपासतो. वसुधाने हालाबाईंना प्रथम घरी आणले, तेव्हाही मी तसेच धरले. त्या सिरियाच्या. पती युद्धात मारले गेले. त्यांना येथे जर्मनीत दुय्यम संरक्षण मिळाले, म्हणजे निर्वासिताहून खालचा दर्जा. मुलगी अमीना बैरुतला आजीपाशी राहिली. "कहाणी खरी कशावरून?" मी विचारले.

वसुधा म्हणाली, "अहो, आपल्या लग्नाचा दाखला खरा का, ते बघायला जर्मन वकिलातीनं नागपूरला माणूस धाडला होता. शेजारच्या काकूंना विचारलं त्यानं! महिनाभर धुमसत होतात तुम्ही. आता तुम्हीच तो माणूस झालात. गेनाऊ, अगदी तोच!"

अमीनाला आईकडे आणण्याचा अर्ज मी स्वतः भरला. बैरुतच्या जर्मन वकिलातीने भेटीची वेळ दिली, आणि रद्द केली. आईचे नाव जुळत नाही, म्हणाले. पुन्हा रांग. त्या रांगेतच नियम बदलला: दुय्यम संरक्षण असलेल्यांनी कुटुंब आणणे दोन वर्षे स्थगित. मंडळी, मला हे ठरवून केलेले वाटले. आधी वेळ रद्द करायची, मग दार लावायचे. रोज जेवताना मी हेच बोलत असे. वसुधा काहीच म्हणत नसे. का म्हणत नसेल?

गेल्या आठवड्यात तिने ठेवलेली हालाबाईंच्या कामाची फाइल उघडली. अर्जाची प्रत होती, माझ्या अक्षरात. हालाबाईंच्या नावापुढे मी पतीचे नाव आणि पतीचे आडनाव लिहिले होते. आपण लिहितो तसे. त्यांच्याकडे लग्नानंतरही वडिलांचेच राहते. पासपोर्टवर तेच होते. तो पासपोर्ट माझ्यासमोर होता. मी ताडून पाहिला नाही. साऱ्या जगावर संशय घेतला, स्वतःच्या हातावर नाही.

हालाबाईंना विचारले. त्या म्हणाल्या, वसुधाने तेव्हाच त्यांची क्षमा मागितली होती. चूक आपलीच, असे सांगून.

हालाबाई, चूक तिची नव्हती. माझी होती. हे तुम्हाला जर्मनमध्ये सांगितले आहे. आज माझ्या माणसांसमोर मराठीत सांगतो.

आता एकच मार्ग उरला आहे. अत्यंत बिकट प्रकरणांना अपवाद आहे, आणि अमीनाची आजी अंथरुणाला खिळली आहे. निर्वासितांच्या सल्ला केंद्रातील वकीलबाई कसलेही आश्वासन देत नाहीत. म्हणूनच मला त्यांचा भरवसा वाटतो. पर्यटक व्हिसावर मुलीला आणून देण्याची हमी देणारे एक गृहस्थ मात्र मला सारखे फोन करतात. माझा नंबर त्यांना आपल्यापैकीच कोणी दिला. कोणी, ते मी आज विचारणार नाही.

सोमवारी अर्ज जाईल. तो आधी हालाबाई वाचतील, मग वकीलबाई. मी फक्त टपालात टाकीन.

कृपया आता सारे उभे राहू या. दोन मिनिटे कोणी बोलू नये.

वसुधा, माझी चूक तू स्वतःवर घेतलीस. ती मी परत घेतली आहे. नमस्कार.