डावीकडे कोण बसलं होतं

मोशीच्या फ्लॅटची वास्तुशांत ठरली आणि माझ्या मोठ्या नणंदबाईंनी जुनंच काढलं बघा. "पूजेला धाकट्या भावाच्या जोडीला बसवा. चिंचवडच्या घरच्या पूजेला ही उजवीकडे बसायचं सोडून नवऱ्याच्या डाव्या हाताला बसली होती, म्हणून तिथे बरकत आली नाही."

हे मी लग्नापासून ऐकतेय. त्या पूजेचा फोटो कधीच हरवला होता, पण निगेटिव्ह होत्या. लेकीने टॅबच्या पांढऱ्या स्क्रीनवर पट्टी ठेवली, मोबाइलने टिपली आणि रंग उलटे करून दाखवले. मी खरंच ह्यांच्या डाव्या हाताला होते.

"देवासमोर खोटं टिकत नाही गं," वन्सं हसल्या.

माझा गुरुवारचा उपास होता, त्या दिवशी मी वाद घालत नाही, तरी गप्प राहवलं नाही. फोटो मोठा केला. "वन्सं, मागे तुम्हीच उभ्या ना? मग तुमची नथ उजव्या नाकपुडीत कशी? आणि पदर उजव्या खांद्यावर?"

"अगं आई, मी पट्टीच पालथी ठेवली," लेक म्हणाली आणि तिने ती उलटून पुन्हा टिपली. वन्संची नथ डाव्या नाकपुडीत गेली, मी ह्यांच्या उजव्या हाताला आले.

"तरीपण यंदा धाकटीला..."

"नाही वन्सं. पूजेला मीच बसणार. तुम्ही समोर उभ्या राहून फोटो काढा, म्हणजे पुढे शंका नको."