कुठेच न निघालेली गाडी

जबाब देणार : उत्तरेश्वर आप्पाराव थोरात, वय ६४ वर्षे, व्यवसाय सेवानिवृत्त वाहतूक नियंत्रक (एस.टी.), रा. केज, जि. बीड.

मी स्वतः ठाण्यात बसून, कोणाच्या दबावाशिवाय, विचारल्यावरून सांगतो की, वरील पत्त्यावर मी राहतो. सोबत कोण राहते असे हवालदारसाहेबांनी दोनदा विचारले. दोन्ही वेळा उत्तर एकच आहे, मी एकटा राहतो. माझी पत्नी मंगल दोन वर्षांपूर्वी वारली. मुलगा प्रविण बंगळूरला नोकरीस आहे. केजच्या बसस्थानकावर जाळीच्या खिडकीआड बसून कोणती गाडी कोणत्या फलाटावर लागली ते भोंग्यावरून सांगणे, हे माझे काम होते.

माझ्याकडे पांढऱ्या रंगाची चारचाकी आहे. ती मंगलच्या हौसेने घेतली व तिच्याच नावावर आहे. ती गेल्यावर नाव बदलून घ्यायला हवे होते हे मला कळते, नियम मलाही माहीत आहेत. पण मन झाले नाही. हे खरे कारण आहे, दुसरे कारण नाही.

गाडी नुसती उभी राहिली की बॅटरी उतरते, म्हणून आठवड्यातून एकदा मी ती फिरवून आणतो. आज दुपारी जेवण करून असाच निघालो. धारूरच्या डोंगराकडे, चिंचेवाडी गावाच्या अलीकडे, मागचे डावे चाक पंक्चर झाले. स्टेपनी होती, जॅक होता, पाना होता. नट निघेनात.

या नटांची हकीकत सांगणे जरूर आहे. आत लोखंड असते व वरून चकचकीत पत्र्याची टोपी बसवलेली असते. टोपीत पाणी शिरून आतून गंज धरतो, टोपी फुगते, आणि मग गाडीसोबत आलेला पाना नटावर बसत नाही. त्याच्या वरच्या मापाचा पाना लावला तर तो गरगर फिरतो. पाना ठोकून बसवला तेव्हा एक नट निघाला. दुसऱ्याची टोपी सुटून पान्यातच अडकली व पाना निकामी झाला. मागच्या सर्व्हिसिंगला मी शोरूममध्ये ही तक्रार केली होती. तुम्ही गाडी पावसात उभी करता म्हणून असे होते, असे उत्तर मिळाले. गाडी पावसात उभी करायची नाही तर काय पाटावर बसवायची? नट चांगले दिसावेत म्हणून टोप्या बसवल्या असेही ते म्हणाले. चाकाच्या नटाकडे कोण बघतो ते त्यांनी सांगितले नाही.

तेव्हा मी डिकीतील हातोडी व छन्नी घेऊन, रस्त्यावर मांडी घालून, उरलेल्या नटांवर ठोकू लागलो. मदतीला हाक मारली, पण दसऱ्यानंतर ते गाव ऊसतोडीला जाते. घरांना कुलपे आहेत. मागे म्हातारी माणसे राहतात.

त्यांच्यापैकी आश्रुबा मस्के हे काठी घेऊन आले. बंद घरांतून चोऱ्या होतात म्हणून ते आळीपाळीने राखण करतात, हे मला नंतर कळले. त्यांनी विचारले, "कामून ठोकायलास रे? सोताच्या गाडीचं चाक कुनी छन्नीनं तोडतं व्हय?" प्रश्न बरोबर होता. मी गाडीचा कागद दाखवला, तर त्यावर बाईचे नाव. मालकीण कुठे आहे, तर वारली. कुठून आलात, तर केजहून. कुठे चाललात असे विचारले तेव्हा मी कुठेच नाही असे सांगितले. जन्मभर दुसऱ्यांच्या गाड्या कुठून कुठे जातात ते मी सांगितले, स्वतःचे सांगता आले नाही. संशय घेतला यात आश्रुबांचा काही दोष नाही.

ते म्हणाले, घरच्यांना फोन लावा, त्यांनी सांगितले की सोडतो. मी प्रविणला फोन लावला. त्याने उचलला नाही. मग त्याचा मेसेज आला की मीटिंगमध्ये आहे, अर्जंट आहे का. मी 'नाही' असे कळवले. असे का कळवले याचा खुलासा मागितला असता, सवयीने कळवले, असे सांगतो. दुसऱ्या कोणाला फोन लावावा ते सुचले नाही. माझ्या मोबाईलमध्ये दूधवाला, गॅसवाला व बँक आहे. माणसाला चोर ठरवायला एवढा पुरावा पुष्कळ झाला.

नंतर आश्रुबांनी ठाण्याला फोन केला व पोलीस येईपर्यंत मला एका घरात बसवले. कोंडले असे लिहू नये. बाहेरून कडी घातली एवढेच. सावित्रीबाई मस्के या बाईच्या कमरेला सगळ्या गल्लीच्या किल्ल्या असतात, ते घर तिने उघडून दिले. आत गोधड्या दोरीने बांधून आढ्याला टांगल्या होत्या. भिंतीवरचे कॅलेंडर ऑक्टोबरवरच होते. चूल सारवलेली होती. मला आत भीती वाटली नाही. घर ओळखीचे वाटले, माझेही असेच असते, फक्त कुलूप मी आतून लावतो.

सावित्रीबाई दाराबाहेर बसून होती. चहा घेणार का, असे तिने विचारले. दार जाड असल्याने मी मोठ्याने, पूर्वी भोंग्यावर बोलायचो त्या आवाजात, साखर कमी, असे सांगितले. दाराशी तिच्या किल्ल्या वाजल्या. मग म्हणाली, "तुमी केजच्या ष्टँडावर बोलायचा का?"

मी हो म्हणालो. तिने म्हणून दाखवायला सांगितले. मला संकोच वाटला, पण म्हटले. केजहून धारूरमार्गे माजलगावकडे जाणारी गाडी फलाट क्रमांक तीनवर लागत आहे, प्रवाशांनी मुलाबाळांना व सामानाला सांभाळावे. हे मी निवृत्त झाल्यापासून मोठ्याने म्हटले नव्हते. रिकाम्या घरात आवाज फार मोठा झाला.

तिने कडी काढली. ती म्हणाली, "मला वाचता येत न्हाई. तुमी म्हनल्याबिगर मी कंदी गाडीत पाय ठिवला न्हाई." तिने माझा चेहरा कधी पाहिलेला नव्हता, जाळीमुळे तो कोणालाच दिसत नसे. चहा देताना तिने विचारले, "खिडकीतून डबा द्यायला यायची, हिरव्या पिशवीवाली, ती तुमची मालकीन का?" मी हो म्हणालो. ती पिशवी मंगलची होती. दोन वर्षांत तिच्याविषयी मला कोणी काही विचारले नव्हते. प्रविणही विचारत नाही, मला त्रास होईल म्हणून. मला त्रास विचारल्याने होत नाही.

तो चहा मी निवेपर्यंत हातात धरून बसलो. हे लिहायची गरज नाही असे हवालदारसाहेब म्हणाले, पण घडले ते घडले.

त्यानंतर पोलीस आले व आम्हा तिघांना ठाण्यात आणले. आधार कार्डावरून मी कोण ते ठरले, परंतु गाडी माझी आहे हे ठरले नाही. पत्नीच्या मृत्यूचा दाखला हजर करेपर्यंत गाडी ओढून ठाण्याच्या आवारात लावावी लागेल असे मला सांगण्यात आले. तिथल्या गाड्या मी येताना पाहिल्या. त्यांच्यावर वेली चढल्या आहेत. तिची गाडी तशी होऊ नये एवढीच माझी विनंती होती. कोणी ओळखीचा जामीन असेल तर बोलवा असे साहेब म्हणाले. मी मोबाईल काढला व परत खिशात ठेवला. तेव्हा सावित्रीबाई बाकावरून उठली व म्हणाली, "मी वळखते ना. गाडी माज्या दारात राहू द्या. गावाची घरं राखते, तितं एक गाडी मला जड न्हाई." आश्रुबांनीही मान हलवली. साहेबांनी ते मान्य केले.

माझी चिंचेवाडीच्या कोणाविरुद्ध तक्रार नाही. तक्रार नटांबद्दल आहे व ती लिहून घेतली आहे. नट कापून काढणारा मिस्त्री बीडहून येणार आहे, कधी ते त्याने नक्की सांगितलेले नाही. मीही त्याला घाई केलेली नाही. आता कुठे जाणार असे विचारले असता, चिंचेवाडीला, असे सांगतो.

वरील सर्व हवालदारसाहेबांनी मला मोठ्याने वाचून दाखवले. आजवर मी वाचत असे व लोक ऐकत. 'कुठेच नाही' या ठिकाणी ते थांबले व हे खोडू का असे त्यांनी विचारले. ते राहू द्यावे, दुपारी ते खरे होते, असे मी सांगितले. बाकी मजकूर मी बोललो तसाच उतरला आहे.

(सही) उ. आ. थोरात

ओळख देणार : सावित्रीबाई आसाराम मस्के, रा. चिंचेवाडी, ता. धारूर. डाव्या अंगठ्याचा ठसा.
जबाब देणाऱ्याशी नाते : आवाज ओळखते.