हॉइट बॅरेंटाइनला दोराने मारल्याबद्दल, आणि सुरा कोणाचा त्याबद्दल

शेरीफ कचेरी, टेलर्स बेंड, आर्कान्सा.

जबाब देणार: ओव्हेटा मे स्ट्रिकलिन, वय ७४ वर्षे, धंदा सुऱ्यांची चामडी म्यानं शिवणे, शिक्षण चौथीपर्यंत, राहणार जुन्या कापूस गिरणीमागे, टेलर्स बेंड.

मी वर नाव लिहिलेली बाई कचेरीत स्वतः हजर राहून, डेप्युटी लोगन प्रिडी यांनी विचारल्यावरून सांगते की,

मी वरील ठिकाणी माझी नात किन्ली, वय २२, हिच्यासोबत राहते. माझे पती ओडेल हे लांब, रुंद पात्याचे बोवी सुरे घडवत. ते वारल्यापासून त्यांच्या भट्टीवर किन्ली काम करते. बोवी सुरा म्हणजे काय तेही लिही म्हटलं तर लोगन म्हणाला, "आजी, ते इथं शेंबड्या पोरालाही माहीत आहे." बरं. नाही लिहीत. लोगनच्या आजीला, व्हर्लीनला, मी लहानपणापासून ओळखते, म्हणून त्याला अरे-तुरे करते. त्यात कचेरीचा अपमान नाही.

आज शनिवारी सकाळी किन्लीची सुरे घडवण्याची परीक्षा होती. ती हॉइट बॅरेंटाइन, वय ६८, याने त्याच्या घरामागच्या शेडमध्ये घेतली. आमच्या भागात परीक्षा घेणारा तो एकटाच. हॉइट हा ओडेलचा दोस्त. मला वहिनी म्हणतो. परीक्षेत काय असतं ते लिहायला हवं, कारण भांडण त्यातूनच झालं.

आपण घडवलेला सुरा न्यायचा. छताला टांगलेला, खालून मोकळा सोडलेला अंगठ्याएवढा जाड दोर एका घावात तोडायचा. मग त्याच सुऱ्याने लाकडाची फळी दोनदा आरपार तोडायची. मग त्याच धारेने हातावरचे केस भादरून दाखवायचे. एवढं झालं की पात्याचं टोक व्हाइसच्या लोखंडी जबड्यात आवळायचं, मुठीवर लोखंडी पाइप चढवायचा आणि पातं काटकोनात येईपर्यंत वाकवायचं. मोडलं तर नापास, वर्षभर घरी बसा. वाकलं आणि मोडलं नाही तर पास. धार कडक आणि पाठ लवचीक असेल तरच ते वाकतं. त्यासाठी तापलेल्या पात्याची नुसती धार तेलात बुडवून तिला पाणी द्यायचं असतं, पाठ वर ठेवून. हात जरा हलला की गेलं. किन्लीचा हात हलत नाही. दुधाची भरलेली बादली घेऊन कुंपणावरून चालेल अशी पोरगी आहे.

म्हणजे बघ, सुरा पास झाला तरी कामातून गेलाच. म्हणून परीक्षेला कोणी आपला चांगला सुरा वाकवत नाही. साधा, पॉलिश न केलेला नेतात. किन्लीने तसा एक साधा सुरा केला होता. परीक्षेला नेलेल्या पेटीत दुसराही होता, बोडार्कच्या पिवळ्या लाकडाच्या मुठीचा. तो उद्या सुऱ्यांच्या मेळ्यात, हॉलमध्ये मांडायचा होता. हा दुसरा सुरा माझा. मेळा झाला की घरी आणून मला द्यायचा, असं किन्लीने तो भट्टीत घालायच्या आधीच कबूल केलं होतं. त्याचं म्यान मी शिवून ठेवलं आहे.

सुरा कसा होता ते सांगायला लागले तर लोगन म्हणतो, "अंदाजे लांबी आणि रंग सांगा." लांबी आणि रंग! अरे, गाय हरवली आहे का?

सुरा बघायचा कसा ते लिहून घे, तुझ्याच उपयोगी पडेल. आधी पात्याकडे बघायचं नाही. पातं सगळेच चमकवतात. मूठ धरायची आणि डोळे मिटायचे. धार कुठल्या अंगाला आहे ते हाताला न बघता कळलं पाहिजे. मग मुठीपुढच्या पितळी आडव्या पट्टीपासून, म्हणजे आडापासून, बोटभर पुढे, एका बोटावर तोलायचा. मग पातं जिथं आडात शिरतं तो सांधा खिडकीकडे धरायचा. तिथून उजेड दिसला तर सुरा हळूच खाली ठेवायचा आणि घडवणाऱ्याला मुलंबाळं कशी आहेत ते विचारायचं. टोकाकडे पाठ जिथं आत वळते तिथं कानशीचे ओरखडे राहतात, तेही बघायचे. तिथं हात पोचत नाही, म्हणून लोक तिथं आळस करतात. गेल्या वर्षी पहिलं बक्षीस मिळालेल्या सुऱ्यावर मी तिथं अख्खं शेत नांगरलेलं पाहिलं आहे.

हे सगळं ओडेलकडून शिकले. माझी स्वतःची तपासणी वेगळी. म्यान बेतताना मी कागदावर मधोमध रेघ मारते. सुऱ्याची पाठ त्या रेघेला लावून सुरा एका बाजूला निजवते आणि कडेने पेन्सिल फिरवते. मग त्याला कूस वळवल्यासारखा दुसऱ्या बाजूला निजवून पुन्हा पेन्सिल. कागद त्या रेघेवर दुमडून उजेडाला धरते. सुरा कुठे कलला-पिळला असेल तर कडेला दोन रेघा दिसतात. ओडेलच्या सुऱ्यांना, देव त्यांना सुखात ठेवो, कायम दोन. लोक वाहवा करत होते तेव्हा मी म्यानात एका अंगाला जरा जागा सोडत होते. किन्लीच्या ह्या सुऱ्याला एकच रेघ आली. मी कागद खिडकीला लावला, बाहेर अंगणात नेला, शेजारच्या बाईला दाखवला. एकच. त्या दिवशी मी चूल पेटवली नाही, मासे आणि मक्याची भजी बाहेरून आणवली आणि मेजावर सुरा मधे ठेवून आम्ही दोघी जेवलो.

परीक्षेच्या वेळी घरच्यांनी शेडबाहेर थांबायचं असतं. म्हणून मी हॉइटच्या बायकोकडे, लुराकडे, स्वयंपाकघरात होते. तिनं बशीत पेकन-पाईचा तुकडा दिला, जरा जास्त गोड होता. फळीवरचे घाव ऐकू येत होते. मग आवाज थांबला. मग पाइप लोखंडावर वाजला. मला राहवलं नाही. बशी हातात घेऊनच गेले.

दारातून पाहिलं तर पाइपच्या तोंडातून पिवळं लाकूड दिसत होतं. किन्ली पाइपवर अंग टाकून होती. हॉइट गुडघ्यावर बसून पात्याखाली काटकोन मोजायचा गुण्या धरत होता आणि म्हणत होता, "अजून. अजून थोडं. आता थांबू नकोस, पोरी."

बशी पडली. ती लुराची होती, भरून देईन.

दोराचा तुटलेला तुकडा जमिनीवर पडला होता. तो उचलून मी हॉइटला मारलं. कबूल आहे. पहिला फटका कानावर बसला, तो चुकून. पाठीवरचे चुकून नाहीत.

"वहिनी! अहो वहिनी, ऐका तरी!"

"मीच ऐकू? तूच ऐक, कसा वाजतो ते!"

तो ऐरणीभोवती पळाला. मी मागे. "वहिनी, माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन व्हायचंय!"

"मग डॉक्टरला म्हणावं, पाठपण बघून घ्या!"

"किन्ली, आवर तुझ्या आजीला!"

किन्ली ओरडली, "मला हलता येत नाही, पाइप सुटेल!" आणि काटकोन पुरा होईपर्यंत तिनं खरंच पाइप सोडला नाही. हे मला नंतर आठवलं.

मग हॉइट बादलीला अडखळून पडला. त्याला मी पाडलेलं नाही. मी व्हाइस सोडवला, वाकलेला सुरा काढून माझ्या पर्समध्ये ठेवला. पर्स बंद होईना. हॉइट खालूनच म्हणाला, "वहिनी, तो भिंतीवर जातो. वाकलेलं पातं परीक्षकाच्या भिंतीवर, रिवाज आहे." त्याच्या शेडच्या भिंतीवर पास झालेल्या सगळ्यांची वाकलेली पाती खिळ्यांनी लावली आहेत, खाली नावं. मी म्हणाले, "रिवाज तुझ्या भिंतीला. सुरा माझा." आणि निघाले. त्याने फोन केला. लोगन आला तेव्हा हॉइट ओसरीवर कानाला गोठवलेल्या वाटाण्यांची पिशवी लावून बसला होता. त्याची तक्रार दोन गोष्टींची, मारहाण आणि चोरी. सुरा आता ह्या मेजावर आहे. लोगनने दोनदा पात्याला बोट लावलं. गंज चढेल म्हणून सांगितलं आहे.

हॉइटशी जुनं वैर होतं का, असं विचारलं. वैर नव्हतं. पण दर मेळ्यात तो सुऱ्यांना बक्षिसं देतो, घडवणाऱ्याचं नाव पुकारतो. सुरा ज्या म्यानातून काढतो ते म्यान टेबलाखाली टाकतो. एकदा कोणीतरी म्हणालं, म्यान सुंदर आहे. तर हॉइट म्हणाला, "हो, बायकांचं शिवणकाम." त्या शिवणकामाने माझी दोन बोटं सरळ होत नाहीत. हे वैर असेल तर लिही.

जबाब इथवर आला तेव्हा किन्ली न विचारता आत आली. लोगनने बाहेर थांबायला सांगितलं, ती थांबली नाही. आमच्या घरातलं कोणी थांबत नाही.

म्हणाली, "आजी, हॉइटकाकांनी नाही सांगितलं. मीच तो घेतला."

"खोटं बोलू नको. त्याला वाचवू नको."

"साध्या सुऱ्याला धारेपाशी चीर होती. केसाएवढी. आज परीक्षेआधी उन्हात धरला तेव्हा दिसली."

"मग परीक्षा द्यायची नाही!"

"काकाही तेच म्हणाले. हा आजीचा आहे ना, वाकवू नकोस, पुढच्या वर्षी ये म्हणाले. दोनदा म्हणाले."

"मग?"

"मग मी म्हटलं, हा मोडणार नाही. आणि नाही मोडला, आजी!"

असं असेल तर हॉइटला जरा कमी मारायला हवं होतं. तेवढं लिहायला हरकत नाही.

मी किन्लीला विचारलं, "आणि माझं काय?"

ती म्हणाली, "पुढचा तुझा."

लोगन, हे ठळक लिही. पुढचा तुझा. लग्न झाल्यापासून ओडेल मला हेच म्हणत आले. गिऱ्हाईक थांबलंय, हा जाऊ दे, पुढचा तुझा. हा टेक्सासच्या डॉक्टरला कबूल केलाय, पुढचा तुझा. घरातून गेलेल्या प्रत्येक सुऱ्याला मी कपडे चढवले आणि दारापर्यंत पोचवलं. माझ्या स्वयंपाकघरात दुकानातली सुरी आहे, प्लॅस्टिकच्या मुठीची. तिनं कांदा चिरताना मला ऐकू यायचं, बाहेर ओडेल लोकांना सांगतायत की चांगली धार कशी ओळखावी. एकानेही कधी आत येऊन विचारलं नाही की बाई, तुम्ही कशाने चिरता. आणि आता हीपण तेच बोलली, त्याच आवाजात. मी तिला म्हणाले, "आजोबांचं सगळं शिकलीस हो. एवढं राहिलं होतं, तेपण आलं."

ती रडली. रडू दे. मी तिच्याशी अजून बोललेले नाही.

पण तिनं आणखी एक सांगितलं, ते लोगनने ऐकलं आहे, म्हणून लपवत नाही. म्हणाली, "आजी, त्या भिंतीवर एकाही मुलीचं नाव नाही. मी लहानपणापासून वाचते. मला तिथं जायचं होतं, आणि वाईट सुऱ्याने नाही."

लोगनने पाणी आणून दिलं.

हॉइटची माफी मागता का, असं विचारलं. कानाची मागते. पाठीची मागत नाही.

सुऱ्याबद्दल माझं म्हणणं असं. सुरा हॉइटचा नाही आणि किन्लीचाही नाही. तिनं तो मला आधीच कबूल केला होता, मग पेटीतून मला न विचारता काढला, तेव्हा चोरी लिहायचीच असेल तर कोणाची ते बघ. सुरा माझा आहे. हॉइटच्या भिंतीला मी तो उसना देते. मागेन त्या दिवशी काढून द्यायचा. खाली किन्लीचं पूर्ण नाव, नीट अक्षरात. शेजारी माझं म्यान टांगायचं. ते मी उसवणार नाही, सरळच राहील, रिकामं. त्याखाली माझं नाव. हॉइटला हे पटत नसेल तर त्याने खटला चालवावा, मी जज्जसाहेबांनाही सुरा बघायचा कसा ते सांगेन. आणि किन्लीने पुढचा सुरा केला की तो कोणाचा ते बोलायचं नाही. करून, म्हणजे पूर्ण करून, माझ्या मेजावर आणून ठेवायचा. मग बोलू.

वरील सगळं लोगनने मला मोठ्याने वाचून दाखवलं. मी बोलले तसंच आहे. फक्त जप्त मालाच्या यादीत त्याने "मोडलेला सुरा, एक" असं लिहिलं होतं, ते मी खोडायला लावलं. सुरा मोडलेला नाही. मी चष्मा लावून खिडकीत पाठीवरून, धारेवरून, दोन्ही गालांवरून बघितला. काटकोनात वाकला आहे आणि त्याला कुठंही तडा नाही. तसं लिहिल्यावर सही करते.

ओव्हेटा मे स्ट्रिकलिन