कागदावरचा रिकामा गळा

मंडळी, ऐका! टाळकरी, टाळ जरा खाली ठेवा. मृदंगवाले, तुम्हीही दम खा. आज एकच प्रश्न घेऊन तुमच्यापुढं उभा आहे. माणसानं खोटी शपथ घेतली, तर देव त्याला शिक्षा करतो का?

करतो म्हणणाऱ्यांनी हात वर करा! बघा — म्हाताऱ्यांचे हात वर, तरुणांचे मांडीवर. तरुणांनी निवडणुका बघितल्यात हो!

मी सांगतो. देवाला एवढी सवड नाही. देव एवढंच करतो — खोटं बोलणाऱ्याचं तोंड त्याच्याच ताब्यात राहू देतो. पुढचं काम ते तोंड आपणहून करतं! कसं, ते ऐका.

पिंपळवेढे नावाचं गाव. नकाशात शोधू नका, सापडायचं नाही; आणि आपलंच आहे असं वाटलं, तर तो तुमचा दोष! तिथं दिगंबरराव कोठावळे नगराध्यक्षपदाला उभे राहिले. त्याआधी होते पाणीपुरवठ्याचे सभापती. यांनी टाकी बांधली. केवढी टाकी! तिच्या सावलीत बायका रिकामे हंडे घेऊन टँकरची वाट बघत बसायच्या. पाणी नव्हतं — पण सावली गार हं! खोटं कशाला बोला.

आता नियम असा, की उमेदवारानं शपथेवर लिहून द्यायचं. घर किती, शेत किती, ठेव किती, सोनं किती. स्वतःचंही आणि बायकोचंही. कशासाठी? अहो, खळ्यावर राखणदार ठेवला तर त्याची झोळी आपण कधी बघतो? येताना! म्हणजे जाताना ती किती फुगली ते कळतं. एवढं साधं आहे. पण झोळी दाखवा म्हटलं, की राखणदाराला राग येतो. आमच्यावर अविश्वास? हो बाबा, अविश्वास! खळं आमचं आहे!

वकील अर्ज भरायला बसले. विचारतात, "राव, वहिनींचे दागिने?"

"निरंक लिहा."

निरंक म्हणजे काय? सरकारी भाषेत — काही नाही!

"अहो, मंगळसूत्र तरी?"

"एक लिहिलं की दुसरं विचारतात, वकीलसाहेब. मग पाटल्या निघतात. मग पाटल्या कुठल्या वर्षी घेतल्या ते निघतं. वरून खालपर्यंत निरंक ओढा!"

ओढलं! आणि खाली ईश्वराला साक्षी ठेवून ठोकली सही. देवाला कुणी विचारलं नाही. बायकोलाही नाही.

आता ती बायको. प्रयागबाई तिचं नाव. तांबटाची लेक. बापानं जन्मभर तांब्याचे बंब ठोकले. ठोकून ठोकून दोन्ही कान गेले त्याचे. लेकीच्या लग्नात सनई वाजत होती, ती त्याला ऐकू आली नाही — पण लेकीच्या गळ्यात त्यानं मोहनमाळ घातली! प्रयागबाई ती माळ कधी मिरवायची नाही. पण घालताना तिचा हात मण्यांवरून एकदा फिरायचाच. बापाला हात लावल्यासारखा.

प्रयागबाई शेजारच्या गोदाक्काला घेऊन नगरपरिषदेत गेली. मतदार यादीत नाव आहे का बघायला. तिथं फळ्यावर सगळ्या उमेदवारांची शपथपत्रं लावलेली. नवऱ्याचा फोटो दिसला. बाई हरखली! चष्मा लावला, कौतुकानं वाचायला लागली. वाचता वाचता थांबली. जोडीदाराचे दागिने — निरंक.

गोदाक्कानं तिच्या गळ्याकडं बघितलं. "अगं, मग हे काय? भाड्यानं आणलंस?"

मागचे दोघे फिदीफिदी हसले. प्रयागबाईला हसू आलं नाही. बापाचे कान गेले ज्या माळेपायी, ती माळ नवऱ्यानं एका रेघेत नाही करून टाकली होती! तिला राग आला, आणि लाजही वाटली. लाज कुणाची? नवऱ्याची! आपल्याकडं नवऱ्यानं केलं की लाज बायकोनंच वाटून घ्यायची असते ना!

घरी आली. राव पोहे खात होते.

"अहो, माझ्या बापाची माळ नाही म्हणून शपथ घेतलीत?"

"कागदावर नाही गं. घरात आहे की!"

"देवाला कागद दाखवणार का घर?"

"देवाचं मी बघतो," राव म्हणाले. "तू एवढं कर. उद्याच्या हळदीकुंकवाला अंगावर सोनं दिसता कामा नये. हल्ली ज्याच्या त्याच्या हातात मोबाईल. मतदान होईस्तोवर सगळं कपाटात."

"मंगळसूत्रही?"

तेवढ्यात रावांचा फोन वाजला. "सगळं म्हणजे सगळं!" असं म्हणत राव बाहेर गेले. बायको काय विचारतेय, कान होता का तिकडं? तांबटाचे कान गेले होते काम करून. ह्यांचे कशानं गेले, तुम्हीच ठरवा!

प्रयागबाई कपाटापुढं बसून राहिली. खोटी शपथ घरादाराला बाधते, हे तिला आईनं शिकवलेलं. नवऱ्याला पापातून सोडवायचं तर एकच वाट — शपथ खरी करायची! राग तर होताच, मी लपवत नाही. जळत होती बाई. तिनं एकेक दागिना उतरवला. शेवटी हात मंगळसूत्राला गेला. पण काढलं!

दुसऱ्या दिवशी हळदीकुंकू. रावांच्या दारापुढं केवढा मांडव! आता कुणाला काही वाटायचं नाही, असा निवडणुकीचा नियम. पण संक्रांतीचं वाण वाटलं तर त्याला वाटप म्हणायचं का? छे! स्टीलची वाटी, आणि वाटीच्या बुडाला रावांचा हसरा फोटो. बायकांची ही रांग!

पहिल्या गोदाक्का. कुंकवाचं बोट पुढं केलं, आणि तसंच राहिलं. "प्रयाग... गळा गं तुझा?"

प्रयागबाई शांतपणे म्हणाली, "कागदात लिहिलाय तसा आहे."

पुढचं ऐकतंय कोण! उमेदवाराच्या बायकोचा गळा रिकामा! मागून एकीनं हंबरडा फोडला — "राव गेले हो!" नवरा गेलेल्या बाईचा गळा रिकामा करणं हेच मुळात शहाणपण नव्हे, हे मी याच ठिकाणी ओरडून सांगितलंय आणि तुम्ही मान डोलावून घरी गेलात. आज तो विषय नको. आज राव गेलेत!

गावभर झालं. दुकानांची शटरं खाली आली. विरोधी पक्षाचा उमेदवार पांढरा हार घेऊन मांडवात हजर! माईक हातात घेऊन म्हणतो, "असा निष्कलंक माणूस होणे नाही." कालपर्यंत चोर म्हणत होता हो! उमेदवाराविषयी चांगलं ऐकायचं, तर आधी त्यानं मरावं लागतं.

आणि राव? राव गावाच्या दुसऱ्या टोकाला मतं मागत होते. पानवाल्यानं त्यांना बघितलं आणि त्याच्या हातातलं पान गळालं. "राव... तुम्ही तर गेलात ना?"

धावले! धोतर सावरत मांडवात शिरले, माईक हिसकावला. "मी जिवंत आहे!"

गोदाक्का उठल्या. "जिवंत आहात, तर हिचं मंगळसूत्र कुठाय?"

"आहे की! कपाटात आहे! चार तोळ्यांचं आहे!"

"आणि मोहनमाळ?"

"ती पण आहे! पाटल्या आहेत! अहो, या दिगंबरनं बायकोला कशाची कमी ठेवली नाही!"

कर्णा लावलेला होता मंडळी! चौकापर्यंत ऐकू गेलं. मागं वकीलसाहेब डोकं धरून खाली बसले. विरोधकाच्या माणसांनी मोबाईल वर केले. ईश्वराची साक्ष काढून नाही म्हटलेलं सोनं, स्वतःच्या तोंडानं, स्वतःच्या खर्चाच्या माईकवर! देवाला काही करावं लागलं का?

प्रयागबाई आत गेली, डबा घेऊन आली. मंगळसूत्र घातलं. मग मोहनमाळ घातली. "ही माझ्या बापाच्या घामाची. ही मी कुणासाठी लपवणार नाही." मग पाटल्या काढल्या आणि हळदीकुंकवाच्या ताटात ठेवल्या. "या टाकीच्या वर्षीच्या. बायांनो, तुमच्या नळाला पाणी येतं का?"

मांडवभर माना नाही म्हणून हलल्या.

"मग या तुमच्या. उचला."

एकीचाही हात पुढं आला नाही. मांडवभर बाया, मांडवाबाहेर त्यांचे नवरे. सगळ्यांच्या देखत राव पुढं आले, ताटातल्या पाटल्या उचलल्या, कुंकू झटकलं आणि खिशात घातल्या. प्रयागबाई एकेकीच्या तोंडाकडं बघत राहिली. एक जण तरी उठेल, असं वाटलं होतं तिला. उठणार कशी? हातात वाटी होती ना!

आता तुम्ही म्हणाल, राव पडले असतील. निवडून आले! तक्रार झाली, तिच्या तारखा पडताहेत. मिरवणूक निघाली, गुलाल उडाला. प्रयागबाई ओवाळायला आली नाही. मोहनमाळ घालून, हंडा घेऊन, टाकीच्या सावलीत टँकरच्या रांगेत उभी होती. घरी नळाला पाणी येत असून!

हसलात ना रावांना? पोट धरून हसलात. रावांनी सोनं लपवलं, ते हरामखोर आहेतच! पण शपथपत्र नगरपरिषदेच्या फळ्यावर सगळ्यांसाठी लावलेलं होतं. वाचलं कुणी? एका बाईनं! आपल्या नगरपरिषदेतही लावतात. तुमच्यापैकी कुणी वाचलंय? आता करा हात वर! म्हातारेसुद्धा गप्प?

बरं, राहू द्या. कीर्तनानंतर प्रसाद आहे. घरून वाट्या आणल्यात ना? काढा. काढा म्हणतो! आता ती वाटी उलटी करा, आणि बुडाला कुणाचा फोटो आहे तो बघा.

दिसला? मग ठेवा ती खाली आणि घ्या टाळ. नाव देवाचं घ्यायचंय, आणि एका हातात वाटी धरून टाळ वाजत नसतो!