नेपल्समधली वेगळी खोली

आईच्या मृत्यूचा दाखला घ्यायला वैशाली ठाण्याच्या पालिकेत रांगेत उभी होती. तिच्या पुढे जन्माच्या दाखल्यासाठी आलेल्या मायलेकी मोबाइलवर इटलीतल्या नेपल्सची स्वस्त हॉटेलं बघत होत्या.

“आई, हे जुन्या शहरातलं स्वस्तय. पण चौथा मजला, लिफ्ट नाही.”

“कोपरीतल्या घरी रोज चार मजले चढतेच की गं!”

“आणि मला वेगळी खोली हवी. तू पहाटेच मोठमोठ्यानं बुद्धवंदना सुरू करतेस.”

“मग काय इटलीत मुकी होऊ? ताई, तुम्हीच समजवा हिला.”

वैशालीला त्या पोरीच्या कुरकुरीचासुद्धा हेवा वाटला.

“घे गं वेगळी खोली,” ती फटकन म्हणाली. “आमच्याकडे आता पहाटे कुणाचाच आवाज नसतो. तरी मला झोप लागत नाही.”