आई आपोआप सुरू व्हावी म्हणून

...आणि फोन स्पीकरवर होता हो! भर मीटिंगमध्ये, साहेब समोर, टेबलाभोवती नऊ माणसं, आणि आमचे बाबा, ज्यांचा ओरडल्याशिवाय फोनमधून आवाज पोचतो यावर विश्वासच नाही, ते ओरडले, "अरे, तुझी आई बंद पडली!" तुम्हाला सांगतो, नऊच्या नऊ माणसं उठून उभी! साहेब म्हणाले, "निघा, लगेच निघा, गाडी देऊ का?" आता यांना काय सांगू? की आईला जाऊन तीन वर्षं झाली आणि बंद पडलाय तो कॉम्प्युटर? सांगा ना, माणसाने करायचं काय!

त्याचं असं झालं, आई शिवणयंत्रावर बसली की गायची. बाबांनी ते गुपचूप टेप करून ठेवलेलं. मागे यंत्राची खडखड, मध्येच "अहो, कात्री कुठंय?"... ते सगळं मी एका जुन्या कॉम्प्युटरवर चढवलं, त्यात लिनक्स घातलं, फुकट मिळतं म्हणून, दुसरं काय! आणि गाणी टीव्हीवर पाठवणारा एक प्रोग्रॅम टाकला. बाबांनी सकाळी चहा घ्यायचा, रिमोट दाबायचा, आई ऐकायची. पण वीज जाऊन आली की कॉम्प्युटर उठायचा, प्रोग्रॅम मात्र ढिम्म! त्याला हाताने एक ओळ टाइप करून उठवायचं. मी चालू करायची, बंद करायची, तपासायची, तिन्ही ओळी मोठ्या अक्षरांत लिहून पासवर्डसकट भिंतीला चिकटवल्या. तरी फोन! "टाकली. नाही म्हणतंय." "काय टाकलंत बाबा?" "तू लिहिलंयस तेच." तेच कसं असेल? एकदा तर पुढे 'प्लीज' घातलेलं! मग काय, मी, माझी स्कूटर, अर्धं शहर, आणि एक ओळ. वर बाबा, "आलाच आहेस तर जेवून जा." एरवी आम्ही बापलेक बोलतो कुठे? सांगा, माणसाने करायचं काय!

शेवटी ऑफिसातल्या सर्व्हरवाल्याला धरलं. हा माणूस शब्द मोजून देतो. "सर्व्हिस कर." "म्हणजे?" "मागच्या मागे चालेल. आपोआप." केली! वीज गेली, आली... फोन! सर्व्हरवाला म्हणतो, "स्टार्ट केलंस. एनेबल केलंस?" "वेगळं असतं?" "स्टार्ट म्हणजे आत्ता. एनेबल म्हणजे दर वेळी." अरे, मग आधी सांगायला तुझं काय जात होतं! केलं एनेबल. वीज गेली, आली, सर्व्हिस उठली... फोन! या वेळी ओरडणं नाही. अगदी हळू. "अरे... यादी कोरी आहे. तुझी आई पुसली गेली." हातातलं सगळं टाकून, खोटं कशाला बोलू, धावलो. निघालं काय? गाणी वेगळ्या डिस्कवर, ती डिस्क उठायला दहा सेकंद जास्त घेते, आणि आमची सर्व्हिस आधीच उठून, रिकाम्या कपाटात डोकावून, "काही नाही इथं" म्हणून मोकळी! तिला लिहून द्यावं लागलं, बाई गं, आधी डिस्क येऊ दे, मग तू ये. आई परत गायला लागली. बाबांनी डोळे पुसले, मी उगाच कॉम्प्युटर पुसला.

मग पाच वेळा प्लग उपटून पाहिला. पाचही वेळा आपोआप! जिंकलो! पंधरा दिवस फोन नाही. आणि सोळाव्या दिवशी... "अरे, तुझी आई बंद पडली!" वीज गेलेली नाही, डिस्क जागेवर, आणि मग दर दोन-तीन दिवसांनी तेच. सर्व्हरवाल्यानेही हात टेकले. "लॉग बघ," म्हणाला. लॉग म्हणजे मशीनची डायरी, कोणी कधी काय केलं ते सगळं तिच्यात. काल बाबांकडे बसून वाचली. सकाळी अकरा दहा, सर्व्हिस थांबवली. कोणी? बाबांच्या नावाने! अहो, ज्या माणसाला चालू करायची ओळ दोन वर्षांत एकदाही जमली नाही, त्याने बंद करायची ओळ एका अक्षराची चूक न करता टाकलेली! सात वेळा!

मागून बाबा म्हणाले, "सापडलं का रे काही?" वळून बघतो तर टेबलावर दोन ताटं मांडलेली...

म्हटलं, "नाही हो बाबा. अवघड दिसतंय. परवा परत यावं लागेल."

सांगा, माणसाने करायचं काय!