शंख आणि कापराची मोठी वडी

पहाटेचे साडेपाच. निंबोडे गाव, सिद्धनाथाचं देऊळ. काकडआरती नुकतीच संपलेली, ताटात कापूर जळतोय — आणि शंख मध्येच थांबला!

घडलं एवढंच, मंडळी. शंख थांबला.

आता मला सांगा, शेजाऱ्याचं कुणी कौतुक केलं की आपल्याला दुखतं. खरं की नाही? पण कुठं दुखतं? पोटात? पाठीत? वैद्यानं विचारलं, 'बोट ठेवून दाखवा' — तर ठेवाल कुठं? मग जे दुखणं दाखवता येत नाही, त्यानं माणूस मरू शकतो का? उत्तर मी देणार नाही. निंबोड्याचे दोन गुरव देतील. ऐका!

नागनाथ आणि महारुद्र, चुलत भाऊ. नागनाथ थोरला, महारुद्र धाकटा. आजोबांनी जाताना जमिनीची वाटणी केली, तशी देवाच्या सेवेचीही केली. शंख थोरल्या घरी, आरतीचं ताट धाकट्या घरी. आणि देवळाची रीत अशी, की आरती संपली, कापूर पेटला की शंख फुंकायचा — तो कापूर विझेपर्यंत. एका श्वासात! मध्ये थांबायचं नाही.

नागनाथचा शंख म्हणजे काय सांगू! वेशीबाहेरची माणसं हातातलं काम थांबवायची. 'काय छाती आहे नागूची!' म्हणायची. आणि ताट धरणाऱ्या महारुद्रला? कुणी काही म्हणायचं नाही. ताट धरणाऱ्याचं कौतुक करतं का कुणी? हे आमचे पेटीवाले बघा. बारा गावं मी फिरतो, लोक येऊन म्हणतात, 'बुवा, काय गायलात!' पेटीवाल्यांना म्हणतात, 'जरा सरका, बुवांच्या पाया पडायचंय!'

हसू नका, पेटीवाले हसत नाहीयेत!

तर महारुद्र रोज पहाटे ताट ओवाळायचा आणि डोळे देवाकडं नाही — भावाच्या छातीकडं! किती फुगते, किती वेळ टिकते. समोर देव उभा, आणि हा गुरव दर्शन घेतोय भावाच्या बरगड्यांचं!

एक दिवस देवळामागच्या ओवरीत त्यानं पाहिलं. नागनाथ खांबाआड उभा, तोंडाला पंप लावलेला. ओढला, श्वास धरला, चूळ भरली, पंप कमरेला खोचला. नागनाथला लहानपणापासून दमा होता. औषध नेमानं घ्यायचा, म्हणून कुणाला कळलंही नव्हतं.

महारुद्रला काय वाटलं असेल? भावाची काळजी? अहो, लॉटरी लागल्यासारखं वाटलं!

त्याच दिवशी न्हाव्याच्या दुकानात विषय निघाला. म्हणजे यानंच काढला. आवाज अगदी हळहळता!

"काय सांगू, आमचे नागूदादा आता पंपावर आले."

"अरेरे! पंप लागला म्हणजे शेवटची पायरी."

"आणि त्याची सवय लागते म्हणे. दारूसारखी."

"ते जाऊ दे. दमा उष्ट्यातून पसरतो. माझ्या मेव्हणीच्या सासऱ्यांनी सांगितलंय."

मेव्हणीचा सासरा! मंडळी, हा गृहस्थ प्रत्येक गावात असतो बघा. शिक्षण ठाऊक नाही, पत्ता ठाऊक नाही — पण सगळ्या रोगांची माहिती त्याच्याकडं!

मग महारुद्रनं शेवटचा खडा टाकला. अगदी सहज.

"शंखातलं पाणी तीर्थ म्हणून आपण पोरांना देतो, नाही का?"

झालं! दुसऱ्या दिवसापासून नागनाथ तीर्थ द्यायला आला की बायका पोरांचे हात मागं ओढायला लागल्या. कुणी तीर्थ घेऊन हळूच पदराला पुसायचं. एक म्हातारी तर तोंडावर म्हणाली, "नागू, तू शंख तेवढा लांबूनच दाखव बाबा."

नागनाथ तडक घरी गेला आणि पंप ट्रंकेत टाकला. बायकोनं विचारलं तर म्हणाला, "देवाचा शंख फुंकणारा माणूस यंत्रातून श्वास घेतो, असं म्हणतायत. नको मला ते."

इथं थांबा जरा. दमेकरी माणसाची श्वासाची नळी आतून सुजते. रोजचा पंप ती सूज धरून ठेवतो. औषध बंद — सूज मोकळी! पण पहिल्या दिवशी काही होत नाही, हीच खोड आहे. माणसाला वाटतं, 'बघा, पंपाशिवाय चाललं की!'

महारुद्रनं पाहिलं, पंप सुटला तरी शंख वाजतोच आहे. रोज. पूर्ण. मग त्यानं काय केलं?

कापराची वडी मोठी केली!

सप्तमीच्या उत्सवाला पहाटेच देऊळ भरलं होतं. एका वडीऐवजी यानं मूठभर कापूर ताटात रचला. वर धूपही सढळ हातानं. ज्योत हातभर! काजळी छताला लागली. नागनाथनं शंख लावला. वाजतोय... वाजतोय... कापूर जळतोय. नागनाथचे डोळे ताटाकडं, महारुद्रचे डोळे नागनाथकडं. गाभारा धुरानं कोंदलेला. आणि —

शंख थांबला.

लोक 'काय झालं' म्हणेपर्यंत नागनाथ खाली बसला होता. गळ्याच्या शिरा ताठ, ओठ निळसर, छातीतून शिट्टी. त्याची सून घराकडं धावली, ट्रंक उघडून पंप आणला. त्याला बाहेर वाऱ्यावर नेलं, पंप दिला, जीपमध्ये घालून तालुक्याला पोचवलं. वाचला.

महारुद्र मात्र ताट हातात घेऊन तसाच उभा होता. पुढं मला म्हणाला, "बुवा, आधी घाबरलो. पण खोटं कशाला बोलू? घाबरण्याच्या खाली, अगदी तळाशी, बरं वाटत होतं."

मत्सराचं घर ते, मंडळी. तळाशी.

गावानं शंख महारुद्रला दिला. मिळालं की नाही सगळं? आता ऐका गंमत! पहिल्याच पहाटे यानं कापूर लावला, शंख तोंडाला लावला — आणि अर्ध्यावर खोकला! दुसऱ्या दिवशी वडी मोडून अर्धी घातली. तरी खोकला. मग पाव. पुढं पुढं तर ताटात ज्वारीच्या दाण्याएवढा कापूर! पेटतोय कधी आणि विझतोय कधी, देवालाही कळेना! भावासाठी मूठभर, स्वतःसाठी दाणा!

खोकला नवा नव्हता. कित्येक महिन्यांचा होता. बायको गिरजा रोज सांगायची.

"अहो, सदरा बघा अंगावर. हँगरला अडकवल्यासारखा दिसतोय. संध्याकाळी अंग तापतं. दवाखान्यात चला."

"मला काय धाड भरलीय? ना बिडी, ना तंबाखू, ना दारू! छाती खराब होते बिडीवाल्याची. हा धुपाचा खोकला आहे."

"धूप नागूभावजींच्या नाकातही जातो. ते निदान औषध घेतात!"

"त्याचं नाव काढू नकोस!"

दुखणं कुठं होतं, कळलं? दवाखान्यात गेलो तर आजार निघणार. आजार निघाला तर शंख सोडावा लागणार. शंख सुटला तर तो परत कुणाकडं जाणार? नागूकडं! त्यापेक्षा खोकलेलं बरं. माणूस स्वतःच्या छातीत जाळ ठेवायला तयार — पण भावाच्या घरी दिवा नको!

माझीच ओळ आहे, पेटीवाले, सूर धरा —

परक्याची ज्योत फुंकाया निघाला,
आपुलाच श्वास वाटेत सांडला!

नागनाथ बरा होऊन आला. रोजचा पंप पुन्हा चालू. तालुक्याच्या डॉक्टरीणबाईंनी त्याला सांगितलं होतं, "पंप ही शेवटची पायरी नाही, पहिली आहे. औषध थोडंसं, आणि जिथं हवं तिथंच जातं. सवय त्याची लागत नाही. आजार रोजचा आहे, म्हणून औषध रोजचं. आणि दमा कुणाला लागत नाही. तीर्थातूनही नाही, उष्ट्यातूनही नाही."

एक दिवस आरतीला तो मागं उभा होता. भावाचा खोकला ऐकला. आरती झाल्यावर पुढं आला.

"रुद्रा, शंख तुझ्याकडंच राहू दे. मी मागणार नाही. पण उद्या माझ्याबरोबर दवाखान्यात चल."

यावर माणूस रडेल की नाही? पाया पडेल की नाही? आमच्या जुन्या गोष्टीत पडला असता! पण महारुद्रच्या मनात काय आलं? 'बघा! शंखही दिला आणि मोठेपणाही घेऊन गेला!'

म्हणाला, "दादा, तुझा पंप सांभाळ. मला शिकवू नकोस."

आणि तिथंच खोकल्याची उबळ आली. थांबेना. पायरीवर बसला, पंचा तोंडाला धरला. पंचा खाली घेतला तर त्यावर लाल ठिपके. गिरजानं पाहिलं. नागनाथनं पाहिलं. या वेळी कुणी विचारलं नाही, उचलूनच नेलं.

डॉक्टरीणबाईंनी छातीचा फोटो काढला. छातीत डाग आहे. थुंकी तपासायला घेतली. गिरजानं हळूच विचारलं, "क्षय का हो?" त्या म्हणाल्या, "तपासणी आल्याशिवाय मी नाव घेणार नाही. पण तो निघाला तरी पूर्ण औषध घेतल्यावर बरा होतो. बिडी न ओढणाऱ्यालाही होतो, चांगल्या घरातही होतो. भांड्यातून नाही, खोकल्याच्या हवेतून पसरतो. घरातल्या सगळ्यांना तपासून घ्या."

म्हणजे बघा! लोक ज्याच्या तीर्थाला भीत होते, त्याच्यापासून धोका नव्हताच. आणि बंद गाभाऱ्यात रोज जो खोकत होता, त्याला कुणी 'तोंडावर पंचा धर' एवढंही म्हणालं नाही.

आता तुमच्याकडं वळतो. हो, तुमच्याकडंच! कुणाच्या घरात पंप कपाटामागं लपवलाय? मुलीचं लग्न ठरायचंय म्हणून? कोण दोन आठवड्यांहून जास्त खोकतोय आणि म्हणतोय, 'हवा बदललीय'? न्हाव्याच्या दुकानात बसून दुसऱ्याच्या छातीचा निकाल कुणी दिलाय? हात वर करू नका. मला नको. तुमचं तुम्हाला कळलं, पुरे.

आणि तुम्ही विचाराल, बुवा, पुढं काय झालं?

काल दुपारी मी निंबोड्याहून निघालो, तेव्हाची खबर सांगतो. थुंकीचा निकाल आलेला नाही. गिरजाला खोकला नाही, तिचीही तपासणी व्हायची आहे. देवळात कापूर सध्या दुसराच कुणी लावतो. शंख वाजत नाही. नागनाथ म्हणतो, रुद्रा बरा होऊ दे. आणि मूठभर कापराची गोष्ट महारुद्रनं मला सांगितली ती एका अटीवर — "बाहेरगावी खुशाल सांगा बुवा. दादाला मात्र मीच सांगणार."

मी निघेपर्यंत त्यानं सांगितलेली नव्हती.